पहिला दिवस मालवणात: आधी भरतीची वेळ बघ, मग प्लॅन कर

सेमिस्टर संपत आलं की प्रवासाचे प्रश्न कॉलेजच्या मुलामुलींचेच जास्त येतात, आणि या महिन्यात आलेल्यांपैकी चार पत्रं तर थेट मालवणबद्दलच निघाली. म्हणून या अंकात बाकी सगळं बाजूला ठेवलंय, फक्त मालवण. पहिलं उत्तर लांबलंय, पण ते लांबायलाच हवं होतं.

प्रश्न: ताई नमस्कार. मी मूळचा परभणीचा, पुण्यात सेकंड इयरला आहे. मी अजून समुद्र पाहिलेला नाही, खरंच नाही, आमच्याकडे मोठं पाणी म्हणजे गंगाखेडची गोदावरी नाहीतर येलदरीचं धरण. डिसेंबरात पेपर संपले की रात्रीच्या गाडीने एकटाच मालवणला जातोय, तीन दिवस हातात आहेत. मित्र म्हणतात पहिल्याच दिवशी किल्ला, रॉक गार्डन, तारकर्ली, देवबाग, स्कूबा सगळं उरकून टाक, रीलमध्ये पण तसंच दाखवतात. पैसे मोजकेच आहेत. तर पहिल्या दिवशी नेमकं काय करू? आणि समुद्रावरचा सूर्योदय कुठून चांगला दिसतो?

उत्तर: तुझं पत्र दोनदा वाचलं, कारण मी पण कोरड्या मुलखातली, सोलापूरची, आणि माझाही पहिला समुद्र मालवणचाच. एकोणीस वर्षांची होते, मैत्रिणीच्या घरी गेले होते.

सूर्योदयाचं आधी सांगते. आपला किनारा पश्चिमेचा, सूर्य समुद्रात बुडतो, उगवतो मात्र तुझ्या पाठीमागून, माडांच्या वरून. म्हणून पाण्यातून वर येणारा सूर्य मालवणात शोधू नकोस. पण सकाळी बंदरावर जाऊन उभा राहिलास तर ते पाठीमागचं कोवळं ऊन थेट समोरच्या सिंधुदुर्गाच्या तटावर पडतं आणि अख्खा किल्ला उजळून निघतो, संध्याकाळी तोच किल्ला नुसता काळा आकार दिसतो. फोटो काढायचे तर सकाळी काढ.

आता मुख्य गोष्ट. पहिला दिवस घड्याळावर लावू नकोस, भरती-ओहोटीवर लाव. हे मी कुठल्या हौसेने सांगत नाहीये, या गावाचा दिवस खरंच तसा चालतो. होड्या कधी सुटणार, कुठल्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) चालता येणार, खडपात (किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात) कधी जायचं आणि कधी अजिबात जायचं नाही, सगळं पाण्यावर. साधारण साडेबारा तासांत एक भरती आणि एक ओहोटी होऊन पुन्हा भरती येते, आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती पाऊण-एक तास उशिरा येते. त्यामुळे काल कुणी सकाळी दहाला जिथे कोरड्या खडकावर बसून फोटो काढला, तिथे पुढच्या आठवड्यात त्याच वेळेला कमरेइतकं पाणी असू शकतं. रीलमध्ये हे कुणी सांगत नाही.

कोकणातल्या लोकांचा एक साधा हिशोब आहे, तो शिकून ठेव. कॅलेंडरमध्ये त्या दिवशीची तिथी बघ, शुद्ध असो की वद्य, तिथीला तीनने गुण आणि चारने भाग, जे येईल ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार, दुपारी पावणेचारला पूर्ण भरती. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे दहाच्या सुमाराला, ओहोटी. अष्टमीला सहा येतात. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धर, सव्वाअकरा येतात, आणि त्याच दिवसांत पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खाली जातं, त्याला उधाण म्हणतात. हा अंदाज आहे, तासभर मागेपुढे होतो, म्हणून तिथल्या माणसाला विचारायचंच, पण हिशोब येत असला की निदान प्रश्न तरी नीट विचारता येतो. (आणि कालनिर्णय काढणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच, गावातलं जय गणेश मंदिर त्यांनीच बांधलेलं. कॅलेंडर बघताना मला दरवेळी हे आठवतं आणि बरं वाटतं.)

मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी एकटी दांडीच्या किनाऱ्याच्या बाजूला खडपात जाऊन बसले, ओहोटी होती, खळग्यांत छोटे खेकडे पळत होते, समुद्र कुठेतरी लांब गेलेला, मी वही काढून लिहीत बसले आणि किती वेळ गेला कळलंच नाही. थोड्या अंतरावर एक मावशी कोयतीने खडकावरची कालवं काढत होती, तिने हाक मारली, "गो चेडवा, पाणी चढता हा, भायेर ये." मी मान वर केली तर समोर पाणी तसंच लांब होतं, पण मी ज्या वाटेने आले होते ती वाट पाण्याखाली गेली होती. पाणी समोरून चढत नाही रे, ते आधी मागच्या खोलगट जागेत शिरतं. मावशीने हात धरून बाहेर काढलं, गुडघ्यापर्यंत भिजले, चप्पल गेली. तिने ओरडून बोलावलं नसतं तर काय झालं असतं याचा विचार मी अजून करते. म्हणून तुला सांगताना एवढं लांबण लावतेय.

तर तुझा दिवस. पुण्याहून रात्रीची गाडी कोल्हापूरवरून घाट उतरून कणकवलीला येते आणि पुढे कसालला हायवे सोडून मालवणच्या रस्त्याला लागते. (रेल्वेने येणाऱ्यांनी कुडाळला उतरायचं, तिथून मालवण तीसेक किलोमीटर, एसटी मिळते.) कसाल सोडलं की जागा राहा आणि खिडकी उघड. लाल जांभ्याचे गडगे (दगडी कुंपणं), काजूची झाडं, मग हळूहळू माड वाढत जातात आणि हवा एकदम जड होते, अंगाला चिकटते. पहाटेची वेळ असली तरी घाम येईल, घाबरू नकोस. आपल्या परभणी-सोलापूरकडचं ऊन बेचाळीस डिग्रीचं असलं तरी कोरडं, घाम आला की लगेच वाळतो आणि अंग गार होतं, इथे हवेतच इतकं पाणी असतं की घाम वाळतच नाही, म्हणून तीस-बत्तीस डिग्रीलाच माणूस थकून जातो. मराठवाड्यातली मुलं इथे पहिल्या दिवशी दुपारी आडवी होतात ती यामुळे. तहान लागायची वाट बघू नकोस, शहाळं, कोकम सरबत, साधं पाणी, काहीतरी पीत राहा.

खोलीवर सॅक टाक, घावणे-चटणी खा, आणि बाजारातून चालत बंदराकडे जा. रिक्षा करू नकोस, मालवणचा बाजार चालतच बघायचा असतो, अरुंद रस्ता, कौलारू जुनी घरं, दुकानांत आमसुलं, काजू, मालवणी मसाला आणि खाजा. बेसनाच्या कांड्या तळून गुळात आणि आल्यात घोळवलेल्या, तो खाजा. पहिल्या दिवशी थोडाच घे, परत जायच्या दिवशी घरच्यांसाठी घेशीलच.

मग किल्ला. बंदरावरून होडी सुटते, दहा-पंधरा मिनिटांचा प्रवास, सकाळच्या पहिल्या होड्यांना गर्दी कमी असते. तिकिटाला सुटे पैसे जवळ ठेव. पावसाळ्यात ही होडीसेवा बंद असते, डिसेंबरात तुला अडचण नाही. होडी निघाली की एक गंमत बघ, किल्ल्याचा दरवाजा दिसतच नाही. तुला सलग तट दिसेल, होडी अगदी जवळ येईपर्यंत आत शिरायचं कुठून हे कळत नाही, मग दोन बुरुजांच्या मधून वळण घेऊन एकदम दरवाजा समोर येतो. गोमुखी बांधणी म्हणतात ती हीच. शत्रूच्या जहाजावर उभा असलेला माणूस आपण आहोत असं धरून बघ, म्हणजे बांधणाऱ्याची बुद्धी कळते.

25 नोव्हेंबर 1664 ला शिवाजी महाराजांनी या कुरटे बेटावर कामाला सुरुवात केली, हिरोजी इंदुलकर यांच्या देखरेखीखाली तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. 48 एकर जागा, जवळजवळ तीन किलोमीटर तट, पाया बसवायला शिसं ओतलेलं. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या 12 किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं त्यात हा आहे. पण तू आकड्यांत अडकू नकोस, दोन गोष्टींजवळ मात्र थांब. एक, दरवाज्याजवळ तटावर छोट्या घुमट्या आहेत, त्यात चुन्यात उमटलेला हाताचा आणि पायाचा ठसा आहे, महाराजांचा म्हणून लोक हात जोडतात. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ तिथून हलले नाही. आत शिवराजेश्वराचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं, तिथली महाराजांची मूर्ती बिनदाढीची आहे, आपण चित्रांत बघतो तशी नाही. दुसरी थांबायची जागा म्हणजे विहिरी. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. पावसाचं पाणी जमिनीत मुरतं, आणि गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं असल्यामुळे ते वर तरंगून राहतं, बेटांवरच्या विहिरी अशाच टिकतात. डोकावून बघ नक्की. किल्ल्यात अजूनही काही घरं राहती आहेत, म्हणून अंगणात शिरून फोटो काढू नकोस, आधी विचार.

परत आलास की जेव आणि झोप. हो, झोप. दुपारी बाजारातली बरीच दुकानं पण बंद असतात, गावच आडवं होतं, रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाने उन्हात तारकर्लीला जाऊन काहीही मिळवायचं नसतं. जेवायला मोठ्या बोर्डाच्या हॉटेलात जाण्यापेक्षा घरगुती खानावळ शोध, सुरमईची थाळी महाग पडते, बांगड्याची किंवा पेडव्यांची स्वस्तात पडते आणि खरं सांगू तर मला ताजा बांगडा सुरमईपेक्षा जास्त आवडतो. सोलकढी शेवटी पी, भातावर पण घे.

चार-साडेचारला पुन्हा बंदरावर. मासेमारीच्या होड्या लागलेल्या असतात आणि लिलाव सुरू होतो. हे चुकवू नकोस, तीन दिवसांत दुसरं काही बघितलं नाहीस तरी चालेल. ओल्या जमिनीवर ढीग लावलेले, सुरमई बाजूला ओळीने, बांगडे टोपल्यांत, त्यांच्या पाठीवरचं निळं-हिरवं अजून चमकत असतं, बोली बोलणारा इतक्या भरभर आकडे म्हणतो की पहिली दहा मिनिटं काही कळत नाही, आणि बाया नुसत्या मानेने, एखाद्या बोटाने माल घेतात. एका कडेला उभा राहा, वाटेत नको, कारण भरलेली टोपली घेऊन पळणाऱ्या माणसाला थांबता येत नाही. मी तिथेच शिकले की मासा ताजा आहे का ते डोळ्यात आणि कल्ल्यात बघायचं असतं.

सूर्यास्त डिसेंबरात सहाच्या थोडा मागेपुढे. चिवल्याच्या पुळणीवर जा, शांत असते, गावातून चालत जाता येते. रॉक गार्डनला पण सूर्यास्त छान दिसतो, पण तिथे लोखंडी कठडा आणि पायवाट सोडून खालच्या खडकांवर उतरायचं नाही, शेवाळ असतं आणि लाट कधी मोठी येते सांगता येत नाही.

तारकर्ली, देवबाग, कर्लीची खाडी, हे सगळं दुसऱ्या दिवशी. तारकर्ली सहा-सात किलोमीटरवर आहे, कुठे पळून जात नाही. स्कूबा पण दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, चांगली झोप झाल्यावर. दमा, कान, सायनस काही असेल तर फॉर्ममध्ये खरं लिही. पाण्याखाली पोवळ्यांना हात लावायचा नाही, हा भाग 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि एकदा मोडलेलं पोवळं पुन्हा वाढायला वर्षानुवर्षं लागतात.

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आलीच तर दांडीच्या किनाऱ्यावर जा, रापण लागलेली असेल तर बघायला मिळेल. होडीने समुद्रात अर्धगोल जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढत आणतात, वीस-तीस जण, म्हातारे, पोरं, मागे मागे चालत. जे मिळेल त्याचे वाटे होतात. विचारून दोराला हात लाव. मासळी किती आली ते महत्त्वाचं आहे, पण तो दोर हातात घेतल्यावर समुद्र दुसऱ्या बाजूने किती जोरात ओढतो ते तुला तळहातावर कळेल.

प्रश्न: ताई, मी लातूरची, बी.एस्सी. थर्ड इयर. आम्ही दोघी मैत्रिणी जाणार होतो, आता ती येत नाहीये. मी एकटी जाऊ का? घरी काय सांगू?

उत्तर: जा. घरी खरं सांग, कुठली गाडी, कुठे राहणार, कधी परत, सगळं लिहून देऊन जा. लपवून जाऊ नकोस, कारण काही अडचण आली तर सगळ्यात आधी घरच्यांनाच फोन करावा लागतो.

राहायला घरातच राहा, म्हणजे ज्या घरात कुटुंब राहतं आणि एक-दोन खोल्या पाहुण्यांना देतात. मालवण-तारकर्लीत अशी निवास-न्याहरीची घरं भरपूर आहेत. बुकिंग करताना फोनवर घरातल्या बाईशी बोलायला माग, दोन मिनिटांत तुला अंदाज येतो. माझ्या अनुभवात असं घर मिळालं की निम्मी काळजी संपते, संध्याकाळी उशीर झाला तर कुणीतरी "अजून इला नाय ता चेडू" म्हणून वाट बघत असतं.

उजेडात पोच. रात्रीच्या गाड्या पहाटे फार लवकर टेकतात कधी कधी, तसं झालं तर उजाडेपर्यंत स्टँडवरच जिथे लोक बसलेत तिथे बस. सूर्यास्तानंतर रिकाम्या पुळणीवर एकटी थांबू नकोस, गर्दी उठली की तू पण ऊठ. आणि एसटीने गेलीस तर 2023 पासून महिलांना तिकीट अर्धं आहे, वाचलेल्या पैशात एक दिवस जास्त राहता येईल.

प्रश्न: मी शाकाहारी आहे, अंडं पण खात नाही. मालवणात उपाशी राहीन असं सगळे म्हणतात. खरंय का?

उत्तर: अजिबात नाही, आणि असं म्हणणाऱ्यांनी मालवणी घरात कधी सोमवारी जेवलेलं नाही. काळ्या वाटाण्याची उसळ, भाजलेल्या नारळाच्या वाटपाची, आणि सोबत आंबोळ्या किंवा वडे, हे एक खाल्लंस तरी ट्रिप वसूल. कुळथाची पिठी आणि गरम भात. न्याहरीला घावणे. गोडात शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या शेवया आणि वेलची घातलेला गुळाचा नारळरस. फक्त एक कर, खानावळीत आयत्या वेळी जाऊन मागू नकोस, सकाळी सांगून ठेव, घरगुती ठिकाणी सांगितलेलं मनापासून करतात. तेल-कढई वेगळी हवी असेल तर तेही स्पष्ट सांग, संकोच नको.

प्रश्न: माझा मुलगा कॉलेजच्या सात-आठ मित्रांबरोबर मालवणला जातोय. विहिरीत पोहायला शिकलाय, चांगला पोहतो, म्हणून पाण्याची भीती नाही म्हणतो. मला झोप लागत नाही. जाऊ देऊ का? (जालन्याहून एक आई)

उत्तर: जाऊ द्या, पण तुमची काळजी अगदी बरोबर आहे आणि ती त्याच्यापर्यंत पोचायला हवी. विहिरीत पोहणं आणि समुद्रात पोहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विहिरीचं पाणी जागेवर असतं. समुद्राला ओढ असते. लाटांनी किनाऱ्याकडे आणलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात आत जातं. त्या पट्ट्यात लाटा फुटत नाहीत, त्यामुळे वरून ती जागा सगळ्यात शांत दिसते, आणि नवखी मुलं नेमकी तिथेच उतरतात. पट्टीचा पोहणारा सुद्धा त्या ओढीच्या उलट पोहत राहिला तर दमून जातो.

एप्रिल 2017 मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या कॉलेजच्या सहलीतले 8 जण बुडाले. तुम्हाला घाबरवायला लिहीत नाहीये, मुलाला ही एक ओळ वाचून दाखवा एवढ्यासाठी लिहितेय.

त्याला तीन-चार गोष्टी सांगा, रागावून नको, शांतपणे. पाण्यात गुडघ्याच्या वर जायचं नाही, जायचंच असेल तर जिथे जीवरक्षक आहेत आणि स्थानिक माणसं आंघोळ करतायत तिथेच. ओहोटी लागल्यावर पाण्यात उतरायचं नाही. देवबागच्या संगमावर, जिथे कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे अजिबात नाही, तिथे नदीची ओढ आणि समुद्राची ओढ एकत्र असते आणि तळाची वाळू सरकते. दारू पिऊन पाण्यात नाही. आणि ओढीत सापडलाच तर किनाऱ्याकडे झटायचं नाही, किनाऱ्याला समांतर, आडवं पोहायचं, तो पट्टा रुंदीला फार नसतो, त्यातून बाहेर पडलं की लाटाच किनाऱ्याकडे ढकलतात. आडवं पण जमेना तर पाठीवर तरंगायचं आणि हात वर करायचा. मित्र बुडतोय म्हणून मागोमाग उडी मारायची नाही, दोर, रिकामा कॅन, ट्यूब, जे तरंगेल ते फेकायचं आणि ओरडून माणसं गोळा करायची. सात-आठ जणांच्या ग्रुपमध्ये एकामागोमाग एक जातात ते असंच वाचवायला जाऊन.

आणि किनाऱ्यावरचा म्हातारा, होडीवाला, मासे वाळवणारी बाई, कुणीही जर म्हणालं की "आज पाण्यात जाव नको रे", तर त्या दिवशी जायचं नाही, का म्हणून वाद घालायचा नाही.

ग्रुपमधल्या दोघांचे नंबर आणि ज्यांच्या घरी उतरणार त्यांचा नंबर निघायच्या आधी तुमच्याकडे घेऊन ठेवा. पोचल्या दिवशी संध्याकाळी तुम्हीच त्या घरच्या काकूंना एक फोन करा, "पोरांकडे लक्ष असू द्या" एवढंच म्हणा. त्या ठेवतील लक्ष.